ब्रेकवाले सप्रे काका

सप्रे काका जेवायला बसले की पहिल्या घासाआधी ताटाच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवतात. सबंध एक फेरी. नख कुठे अडलं की मान हलवतात, "किनार उभरली आहे," म्हणतात, आणि मग वरणभात कालवायला घेतात.

पहिल्यांदा हे माझ्या घरी झालं तेव्हा माझं डोकंच फिरलं. मी हौसेने थालीपीठं लावलेली, वर लोण्याचा गोळा ठेवलेला, आणि हा माणूस माझं ताट तपासतोय! "काका, दोनदा घासलंय मी ते," मी म्हटलं. मिरजेची आहे मी, मनात ठेवून कुढायची सवय नाही. काका मुळीच ओशाळले नाहीत.

"अहो मॅनेजरीणबाई, सफाईचा सवालच नाही. ब्रेकची डिस्क अशीच देखतात. पॅड घासून घासून ती मधे पातळ होते, कडेला ओठ राहतो. नखाला ओठ लागला की समजायचं, हिचे दिवस भरत आले."

माझ्या ताटाचे दिवस भरलेत की नाही, ते काही त्यांनी सांगितलं नाही. थालीपीठं मात्र झाडून संपवली.

मी बँकेत आहे. बदलीवर बनारसला आले, नवरा मिरजेत औषधांचं दुकान सांभाळतो. मंगला गौरीच्या देवळाच्या आसपास मराठी घरं आहेत असं कळलं, म्हणून तिथेच जागा शोधली आणि सप्रे काका-माईंच्या वरच्या मजल्यावर बिऱ्हाड थाटलं. काकांच्या किती पिढ्या काशीत झाल्या हे त्यांनाही नीट सांगता येत नाही. मराठी अगदी घरचं बोलतात, पण भाताला खडे लागावेत तसे मधेमधे हिंदी शब्द लागतात. आता मलाही लागायला लागलेत. परवा नवऱ्याला फोनवर "जरा ठहरा" म्हणाले, तर तो हसत सुटला.

आमची गल्ली अशी, की समोरून म्हैस आली तर माणसाने मागे जायचं आणि मिळेल त्या पायरीवर चढून उभं राहायचं. म्हैस मागे जात नाही. अशा गल्लीत राहणाऱ्या माणसाकडे वाहन काय असावं? काकांकडे स्पोर्ट्स कार आहे. लाल. दोन दारं, दोन सीट, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी, आणि वयाने आता बऱ्यापैकी पोक्त. कुणा शौकीन माणसाची होती, त्याचा शौक संपला तेव्हा काकांनी घेतली. ती राहते गंगेपलीकडे, रामनगरला, नन्हकू मिस्त्रीच्या गॅरेजमागच्या शेडमध्ये. काका दर रविवारी मोटरबोटीने तिला भेटायला जातात. घाटावरून उतरताना दिसले की नावाडी ओरडतो, "का गुरू, ससुराल चलबा?" काका गंभीर चेहऱ्याने "चलो" म्हणतात.

काका रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. म्हणजे गाडीच्या अगदी शेवटी, ब्रेकव्हॅनमध्ये, हिरवी-लाल झेंडी घेऊन त्यांनी सगळी नोकरी काढली. इंजिन ड्रायव्हरबद्दल त्यांचं मत फारसं बरं नाही. "त्याला फक्त जायचं असतं," ते म्हणतात. "इंजिन पुढे असतं, जिम्मेदारी मागे असते." हे वाक्य त्यांनी मला सांगितलंय, दूधवाल्याला सांगितलंय, आणि नव्या नवरानवरीला आशीर्वाद देताना चक्क मांडवात सांगितलंय.

आता इतकी वर्षं मागे बसलेल्या माणसाला पुढे बसायला मिळालं, तर तो काय करेल? तुम्ही म्हणाल, सुसाट सुटेल. छे! काकांची ती लाल गाडी बैलगाडीच्या मागून समाधानाने जाते. रामनगरच्या रस्त्यावर ई-रिक्षावाले तिला ओलांडून जातात आणि जाताना मागे वळून बघतात, इंजिन बंद पडलंय का म्हणून. एकदा चौकात कुणी पानवाला म्हणाला, "गुरू, कभी भगाइये भी!" काकांनी गाडी थांबवली, काच खाली केली आणि शांतपणे म्हणाले, "भगाना सब को आता है. रोक के दिखाओ." पानवाल्याला काय रोखायचं ते कळेना. त्याने पानच बांधून दिलं.

एका रविवारी कंटाळा आला म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले, आणि फसले. तेव्हापासून टॉर्च धरायचं काम माझ्याकडे. पुढची दोन चाकं उतरवायची, गाडी लोखंडी घोड्यांवर ठेवायची, आणि चाकामागची ती तबकडी, म्हणजे डिस्क, बघायची. ब्रेक दाबला की दोन बाजूंचे पॅड तिला चिमटीत धरतात, मग चाक थांबतं, इतकं मला कळतं. काका एक सायकलची तार वाकवून डिस्कच्या जवळ बांधतात आणि डिस्क हाताने हळूहळू फिरवतात. तार आणि डिस्क यांमधली फट सगळीकडे सारखी राहिली तर डिस्क सरळ. कमीजास्त झाली तर लहरली. हे बघताना मला श्वासही घेऊ देत नाहीत.

"काका, तुमची गाडी रांगते," मी एकदा म्हटलं. "तिच्या डिस्क झिजतातच कशा?"

"मी ब्रेक सतत लावतो ना," काका म्हणाले.

कपाळ माझं! पण एवढ्या लाडाची गाडी, दोन सीटची, आणि दुसऱ्या सीटवर मी टॉर्च घेऊन बसते किंवा नन्हकू मिस्त्री बसतो. माई कधीच नाही. हे मला खटकायला लागलं, आणि मला काही खटकलं की मी विचारते. एका संध्याकाळी माई घेवड्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या, त्यांना विचारलं.

माईंचा उजवा हात कोपरात पुरता सरळ होत नाही. तो त्यांनी माझ्यापुढे धरला. "लग्नाला थोडीच वर्षं झाली होती गं. राजघाटच्या पुलाकडून उतरत होतो, यांच्या स्कूटरवर. उतारावर ब्रेकच लागला नाही. गेलो सरळ कोबीच्या ठेल्यात. हा हात मोडला. त्या दिवशी म्हटलं, हे चालवतील त्यात मी बसणार नाही. झालं." काशीला येऊन लोक आवडती भाजी सोडतात, कुणी फळ सोडतं. माईंनी नवऱ्याची गाडी सोडली. आणि राग-रुसवा काही नाही हं! चहा वेळेवर, जेवण वेळेवर, तुळशीला पाणी, काकांच्या सदऱ्याला गुंडी. फक्त कुठे जायचं तर रिक्षा.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तपासणी, तार, टॉर्च, सगळं कशासाठी चाललंय ते! त्या गाडीत माईंनी एकदा बसावं, एवढीच त्या म्हाताऱ्याची इच्छा. पुढच्या रविवारी बोटीत मी थेट विषयाला हात घातला. "काका, माईंना कधी विचारलंत, बसतेस का म्हणून?"

काका पाण्याकडे बघत म्हणाले, "विचारलं, आणि नाही म्हणाली तर?"

"मग न विचारताच मरायचं का?" माझ्या तोंडून गेलं. काशीत राहून मरणाचं बोलायला काही वाटेनासं होतं. काका म्हणाले, "पहिले ब्रेक तर चौचक होऊ देत, एकदम पक्के."

ब्रेक चौचक काही होईनात. त्या पावसाळ्यात ब्रेक दाबला की काकांच्या पायाला थरथर जाणवायला लागली. तार बांधून बघितली, डिस्क लहरली होती. जाडी मोजली, तर डिस्कवर जी शेवटची मर्यादा कोरलेली असते, तिच्याखाली गेलेली. काकांचा चेहरा घरात आजारपण असल्यासारखा झाला. इतक्या जुन्या गाडीच्या नव्या डिस्क कुठे मिळतात? दिल्लीला फोन, कानपूरला फोन. शेवटी श्रावण सरता सरता खोकं आलं. काकांनी ते देवघराजवळ ठेवलं. माई म्हणाल्या, "गणपती बसायच्या जागी तबकड्या बसवल्यात यांनी."

मी संधी साधली. "माई, आता तरी बसा की हो एकदा! नव्याकोऱ्या डिस्क आल्यात."

माईंनी खोक्यावरची धूळ पदराने पुसली. मग म्हणाल्या, "दसऱ्याला पूजा करायला येईन. मग बघू."

मराठी घरात "मग बघू" म्हणजे काय, ते ज्याला कळायचं त्याला कळतं. मी धावत बाहेरच्या खोलीत जाऊन काकांना सांगितलं. काका वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते घडी करून ठेवलं, उलगडलं, परत घडी केलं. "बघू म्हणाली?" "बघू म्हणाल्या." त्या रात्रीचं जेवण त्यांनी ताट न तपासता केलं.

दसऱ्याच्या आधीच्या दिवसांत त्यांनी नन्हकू मिस्त्रीला नुसता पिळून काढला. जुनी डिस्क गंजून धरून बसली होती. मिस्त्रीने हातोडा उचलला, तर काका आडवे आले. "मार नको! तिला दोन भोकं आहेत ना, त्यात बोल्ट घाल आणि बारी-बारीने कस. आपणहून सुटेल." सुटली. मग जिथे डिस्क बसते ती जागा तारेच्या ब्रशने घासघासून लख्ख केली, कारण तिथे गंजाचा कण जरी राहिला तरी नवी डिस्क तिरकी बसते. मग नव्या डिस्क. त्यांना गंज लागू नये म्हणून कारखान्यातून तेलाचा हात दिलेला असतो, तो धुऊन काढायचा. काकांनी त्या एकदा धुतल्या, पुसल्या, परत धुतल्या. मी कौतुकाने एक बोट लावलं फक्त, तर केवढ्यांदा ओरडले! "हात नको! बोटाला तेल असतं! तेल लागलं की पॅड पकडणार नाही, ब्रेक कशाने लागेल?" पुढे त्यांनी माणसाच्या कातडीवर भाषणच दिलं. नन्हकूने सकाळी कचोरी खाल्ली होती म्हणून त्याला दोनदा साबणाने हात धुवायला लावले. काका असे ओरडतात. तेलावरून, चिखलावरून, उघड्या राहिलेल्या नळावरून. बोलायला मऊ, पण चूक दिसली की गार्डाची शिट्टी वाजते.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही तिघं निघालो. माईंनी हिरवी जरीकाठी नेसली होती. गुडघ्यांमुळे घाटाच्या पायऱ्या उतरायला वेळ लागला. काका दोन पायऱ्या पुढे उतरायचे आणि उगाच नावाड्यावर खेकसायचे, "नाव धरून ठेव, हलवू नको!" नाव जागच्या जागी होती. माझ्या नवऱ्याने मिरजेहून आपट्याची पानं पाठवली होती, इथे ती मिळत नाहीत. ती माईंच्या टोपलीत हळदकुंकू, निरांजन आणि तेलाच्या बाटलीशेजारी ठेवली होती.

शेडमध्ये गाडी घोड्यांवर उभी होती, पुढची चाकं मुद्दाम उतरवून ठेवलेली. माईंना डिस्क दिसाव्यात म्हणून. काकांनी टॉर्च मारून दाखवल्या. "अगबाई, छानच आहेत हो," माई म्हणाल्या. काका लाजले.

मग कळलं, नारळ राहिला. मीच ओट्यावर विसरले होते. काकांनी शिट्टी वाजवायच्या आत मी म्हटलं, "चला, आणू या." मिस्त्रीला माईंजवळ ठेवून आम्ही दोघं चौकात गेलो. दसऱ्याचा दिवस, रामलीलेसाठी रामनगर सकाळपासून भरलेलं. नारळ मिळायला चांगलाच वेळ लागला.

परत आलो आणि मी दारातच थबकले.

माई स्टुलावर बसल्या होत्या. दोन्ही हात पिवळे. आणि त्या धुतलेल्या, पुसलेल्या, परत धुतलेल्या डिस्क हळदीने आणि तिळाच्या तेलाने निथळत होत्या. तेल पॅडमध्ये गेलं होतं, खाली ओघळत होतं.

"कोरडं लोखंड कधी पुजू नये," माई आनंदाने म्हणाल्या. "माहेरी ग्वाल्हेरला आमची आई विळी असो, अडकित्ता असो, आधी तेलाचा हात द्यायची. या तर नव्या नवऱ्या. मिस्त्रीने फिरवून दिल्या, म्हणून दोन्ही अंगांनी नीट लावता आलं."

मिस्त्री भिंतीला चिकटून उभा होता, तोंड उतरलेलं. "माताजी पूजा करत रहलीं, गुरू," तो पुटपुटला. "हम का बोलीं?"

मी काकांकडे बघितलं. माझ्या एका बोटासाठी हा माणूस केवढा ओरडला होता! आता शेडचे पत्रे उडणार, असं मला वाटलं, आणि माईंचं ते "मग बघू" पण त्यांच्याबरोबर उडणार. काकांनी चष्मा काढला. सदऱ्याला पुसला. परत घातला.

"छान केलंस," ते म्हणाले. "तेल लावायचं माझ्या लक्षातच राहिलं नसतं."

माई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी अक्षता वाहिल्या, मिस्त्रीकडून नारळ फोडून घेतला, फडक्याला हात पुसले आणि उभ्या राहिल्या. "चला. दसरा आहे, सीमोल्लंघन करू या. मला बसवा गाडीत."

ज्या शब्दांसाठी काकांनी इतकी वर्षं तार बांधून डिस्क फिरवल्या, ते शब्द आले, आणि ब्रेक होते तेलात! चाकं चढवताना काका मला कोपऱ्यात घेऊन गेले. "पुढचे ब्रेक लागणार नाहीत."

"मग सांगा तसं! पुसून घ्या, उद्या बसतील."

"तिची पूजा तिच्यासमोर पुसू?" काका म्हणाले. "आणि आज ती स्वतः म्हणाली आहे हो."

मग त्यांनी जे केलं, ते मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी इंजिन सुरूच केलं नाही. मिस्त्रीच्या कानात काहीतरी सांगितलं. माईंना दार उघडून बसवलं, टोपली त्यांच्या मांडीवर दिली. स्वतः बसले, एक हात स्टिअरिंगवर, दुसरा हँडब्रेकवर. तो मागच्या चाकांचा, तो शाबूत होता. शेडपासून पोखऱ्यापर्यंतचा, म्हणजे तिथल्या तळ्यापर्यंतचा, रस्ता सपाट. मागून मिस्त्री, शेजारचे दोन दुकानदार आणि मी, दसऱ्याची साडी खोचून, असे चौघं ढकलायला. गाडी निघाली. पायी चालणारी एक म्हातारी आमच्या पुढे निघून गेली.

"आवाजसुद्धा येत नाही हो गाडीचा!" आतून माईंचा आवाज आला.

"चांगली गाडी आहे," काका म्हणाले.

पोखऱ्याजवळ काकांनी हँडब्रेक हळूहळू ओढला. मागच्या काचेतून मला आतल्या आरशात माई दिसत होत्या. डोळे घट्ट मिटलेले, वाकड्या हाताने टोपली छातीशी धरलेली. गाडी थांबली. त्यांनी एक डोळा उघडला. "थांबली?" "थांबली," काका म्हणाले. मला रडू आलं. तेलकट हाताने डोळे पुसले आणि सगळं तोंड काळं करून घेतलं.

परतताना बोटीत काका पुढे नावाड्याजवळ बसले, आम्ही दोघी मागे. मोटरचा आवाज मोठा होता. माईंनी माझ्या पदराकडे बघितलं. "ढकलताना साडीची वाट लागली गं तुझी."

मी पदर आत खोचला. "तुम्हाला कळलं?"

"गुडघे गेलेत माझे, डोळे नाहीत गेले. आरसा असतो गाडीला. आणि तेल लावायचं नव्हतं, तेही कळलं. मिस्त्रीचं तोंड बघितलं ना, पण तोवर लावून झालं होतं. म्हटलं, आता येतील आणि ओरडतील. वाटच बघत होते मी." त्यांनी मांडीवरची टोपली शेजारी सरकवली. "ओरडले नाहीत. म्हणून बसले."

मला काही उमगेना. माई माझ्याकडे न बघता बोलत होत्या. "स्कूटरचा ब्रेक लागला नाही, त्याचं मला काही नव्हतं. यंत्रच ते. पण मी रस्त्यात पडलेले, हात हा असा लोंबतोय, आणि हे उठले ते पहिलं काय बोलले माहितीये? 'तू हललीस!' भर बाजारात. लोकांसमोर. मी नव्हते गं हलले."

देवा रे! हा माणूस इतकी वर्षं नखाने डिस्क तपासतोय, आणि बाई गप्प. दोघांनाही धरून गदागदा हलवावंसं वाटलं मला.

एवढ्यात काका उठले आणि तोल सावरत मागे आमच्याकडे आले. बोटीच्या छताच्या बांबूला धरून उभे राहिले. "रविवारी येशील?" ते म्हणाले.

"काय म्हणालात?" माई म्हणाल्या. ऐकू आलं होतं. मी शेजारी बसले होते, मला स्पष्ट आलं होतं.

"म्हटलं, रविवारी येशील का माझ्याबरोबर? फिरायला?" काका इतक्या मोठ्याने म्हणाले की नावाड्यानेही मागे वळून बघितलं.

"येईन," माई म्हणाल्या. "पण इंजिन सुरू करा."

काकांचा बांबूवरचा हात तसाच राहिला. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा माझ्या काळ्या पदराकडे बघितलं. मग माईंकडे बघितलं, आणि मोटरच्या आवाजात जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, "तेव्हा तू हलली नव्हतीस."

माईंनी शेजारची टोपली उचलून मांडीवर घेतली आणि त्यांना बसायला जागा करून दिली.